इसब, खाज आणि कातडीवरचं विरजण

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीला एक ताई दीड वर्षाच्या लेकीला घेऊन आल्या. भर उन्हाळ्यात पोरीच्या अंगात पूर्ण बाह्यांचं झबलं. कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला इसब उठलेलं, खाजवून खाजवून लालभडक झालेलं. घरात बोलणी कुणाला? आईलाच. "पोरीला धड न्हाऊ घालत नाही!" म्हणून त्या दिवसातून दोनदा, कढत पाण्यात जंतुनाशक औषध टाकून, साबण चोळून आंघोळ घालायच्या. इसब वाढतच होतं.

आता बघा, आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर जंतू असतात. कितीही घासा, असतात, आणि असायलाच हवेत. दुधाला नीट विरजण लागलं की त्या आंबट दह्यात दुसऱ्या जंतूंना सहजी थारा मिळत नाही ना? तसंच काहीसं. कातडीही मुळात किंचित आंबट असते. त्यात आपले नेहमीचे जंतू सुखानं राहतात आणि त्यांतले काही तर त्रासदायक जंतूंना मारणारे पदार्थ तयार करतात.

त्रासदायकांमधला एक म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. प्रयोगशाळेत वाढवला की सोनेरी दिसतो, म्हणून आपण त्याला सोनेरी जंतू म्हणू. चांगल्या धडधाकट दहा माणसांपैकी साधारण तिघांच्या नाकात तो असतो आणि काही करत नाही. पण इसबाच्या चट्ट्यावर तपासलं, तर दहापैकी सुमारे सात जणांत तो सापडतो.

असं का? पुष्कळदा या मुलांची कातडी जन्मापासूनच जरा कच्ची असते, भेगा पडलेल्या सारवणासारखी. आतला ओलावा उडून जातो, बाहेरचं आत शिरतं, शरीर चिडतं, सूज येते. आंबटपणा कमी होतो आणि सोनेरी जंतूचं फावतं. तो विषारी द्रव्यं सोडतो, त्यानं सूज आणखी वाढते. २०२३ साली अमेरिकेतल्या हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवून दिलं, की या जंतूचं एक द्रव्य थेट नसांना डिवचून खाज सुटवतं. मग बाळ खाजवतं, कातडी फाटते, जंतूला आणखी जागा मिळते.

म्हणजे हे दुखणं अस्वच्छतेचं नव्हेच. उलट साबण क्षाराचा असतो. तो आंबटपणाही घालवतो आणि अंगचं तेलही. जंतुनाशकानं तर चांगले जंतूही मरतात.

मग करायचं काय? आंघोळ एकदाच, कोमट पाण्यानं, पाचदहा मिनिटांत. साबण सौम्य आणि मळेल तिथंच. वजरी नको. अंग टिपून घ्यायचं आणि ते ओलसर असतानाच डॉक्टरांनी दिलेलं मलम किंवा साधं व्हॅसलीन लावायचं. आपलं खोबरेल तेलही चालतं. मोहरीचं तेल, चुना, लिंबू मात्र चट्ट्यावर नको. कपडे सुती, सैल.

आणि ती दुकानातली "पांढरी ट्यूब"! हिच्याबद्दल मला राग आहे, सांगूनच टाकते. अशा पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉईड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध एकत्र असतं. लावलं की दोन दिवसांत लाली जाते, म्हणून शेजारणीही मागून नेतात. पण ते इसब नसून गजकर्ण असेल, तर वरून शांत आणि आतून बुरशी पसरत राहते. तोंडावर महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते. इसबाला डॉक्टर स्टेरॉईडचं मलम देतात, ते योग्यच आहे. भिऊन मध्येच बंद करू नका. पण ते कुठं, किती, किती दिवस लावायचं, हे त्यांनीच सांगावं.

चट्ट्यातून पू आला, मधासारखी पिवळी खपली धरली, ताप आला किंवा बारीक पाण्याचे फोड झपाट्यानं पसरले, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

एक राहिलं. इसब शिवल्यानं दुसऱ्याला होत नाही. त्या पोरीला खेळताना बाकीच्या मुलांपासून वेगळं बसवायचे, हे ऐकून बैठकीत सगळ्याच गप्प झाल्या होत्या. आता ती सगळ्यांत बसते. चट्टे बरेच कमी झालेत, थंडीत पुन्हा उठतील असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. नखं कापायची म्हटलं की मात्र अजून घरभर पळते.