पक्षाघातानंतर रुग्णाला कसं झोपवावं, कसं बसवावं?

पक्षाघाताचा घाव मेंदूवर बसतो, पण पहिल्या काही दिवसांत छातीलाही तितकंच जपावं लागतं. खोकल्याचा जोर कमी होतो, गिळताना ठसका लागतो, लाळ श्वासनलिकेत उतरते. अशा वेळी औषधांच्या जोडीला रुग्णाची शरीरस्थितीही श्वासाला हातभार लावते.

बसल्यावर श्वास का सुधारतो?

उताणं झोपल्यावर पोटातले अवयव श्वासपटल वर रेटतात आणि फुप्फुसांचा खालचा भाग नीट फुलत नाही. प्रकृती स्थिर असेल तर पाठीला आधार देऊन खुर्चीत बसवणं श्वासाला सर्वांत सोयीचं. आधीपासून दमा किंवा छातीचा आजार असलेल्यांकडे जास्त लक्ष द्यावं.

खाट किती वर?

याला एकच उत्तर नाही. भारतासह नऊ देशांतल्या ११ हजारांहून अधिक रुग्णांवरची ‘हेडपोस्ट’ चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिले २४ तास सपाट झोपवलेले आणि डोकं किमान ३० अंश वर ठेवलेले, या दोन्ही गटांत पुढच्या अपंगत्वात किंवा न्यूमोनियाच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. त्यामुळे कोन डॉक्टरांनी रुग्ण पाहून ठरवावा.

खाटेपाशी काय पाहावं?

- खाट वर केली की रुग्ण हळूहळू खाली घसरतो. पोट दुमडतं, हनुवटी छातीला टेकते. नुसती उशी वाढवू नये, दोघांनी मिळून त्याला वर सरकवावं. लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढू नये.
- साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी. लुळा हात उशीवर ठेवावा.
- गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने पाणीही देऊ नये. पुढे भरवताना ताठ बसवावं, नंतरही अर्धा तास आडवं करू नये.

ऑक्सिमीटरचा आकडा

नखाला नेलपॉलिश असेल किंवा बोट गार पडलं असेल तर आकडा चुकू शकतो. ऑक्सिजन ९४ टक्क्यांवर टिकत असेल तर सरसकट नळी लावून फायदा होत नाही. ब्रिटनमधल्या आठ हजार रुग्णांच्या अभ्यासातही तेच दिसलं. मात्र आकडा त्याखाली रेंगाळला, छातीत घरघर सुरू झाली किंवा रुग्ण गुंगीत जाऊ लागला, तर उशा बदलत बसू नका. तातडीने डॉक्टरांना बोलवा.