मंडळाने तयार करावयाचा ध्वनिमुद्रित कार्यक्रम

सन १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांत श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. उत्तर सातारा, म्हणजे आजचा सातारा जिल्हा, त्यांपैकी एक होता. सुमारे १५० गावांत वीस-वीस माणसे आठवड्यातून दोनदा एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. सांगलीचे आकाशवाणी केंद्र त्यानंतर १९६३ साली सुरू झाले.

पुढे श्रोत्यांनीच कार्यक्रम करावयास आरंभ केला. माण तालुक्यात म्हसवड येथे २००८ पासून 'माणदेशी तरंग वाहिनी' हे सामुदायिक नभोवाणी केंद्र सुरू झाले. कन्नडभाषकांचीही वस्ती असलेल्या जत तालुक्यात जालिहाळ येथे 'येरळावाणी' उभी राहिली. आता पॉडकास्टमुळे मनोरा व प्रक्षेपण-परवाना यांचीही गरज उरलेली नाही. साधा मोबाइल फोन पुरतो. मात्र कार्यक्रम तपासणारा अधिकारीही येथे नाही. ते काम मंडळासच करावे लागते.

ते किती जोखमीचे आहे हे तासगाव-मिरजेच्या द्राक्ष बागायतदारांस सांगावयास नको. २०१० साली भारतातून युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रकाचे अवशेष आढळले व पुष्कळ माल नाकारला गेला. फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबावयाचे हा आकडा ध्वनिमुद्रणात चुकला, तर छापील पत्रकाप्रमाणे तो डोळ्यांखालून पुन्हा घालता येत नाही. ऐकणारा फवारणीच्या धांदलीत असतो. त्याने एकदा 'पंधरा' ऐकले की पंधराच धरले. म्हणून आकडा दोनदा सांगावा आणि प्रत्येक वेळी मापासह सांगावा : लिटर पाण्यास की एकरास, हे गृहीत धरू नये.

कामाची वाटणी आधीच करावी. विषय जाणणारा एक, प्रश्न विचारणारा एक, यंत्र सांभाळणारा एक. आणि चौथा असा की ज्याने केवळ कान देऊन ऐकावे व समोर औषधाच्या वेष्टनावरील मजकूर किंवा विद्यापीठाची शिफारस ठेवून बोलणे ताडून पाहावे. हा चौथा मनुष्य बहुतेक मंडळे विसरतात. प्रश्न विचारण्याचे काम, शक्य तर, शेतात प्रत्यक्ष राबणाऱ्या स्त्रीकडे द्यावे. तिचे प्रश्न सहसा नेमके असतात.

जागेविषयी फार खर्च करू नये. रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो. गोधड्या-घोंगड्यांनी भरलेली लहान खोली त्याहून बरी. पंखा व मोटार बंद ठेवावी, फोन विमान-स्थितीत घालावा आणि तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूस धरावा. प्रथम थोडेसे मुद्रण करून कानयंत्राने ऐकावे. मध्येच बैल हंबरला तर बिघडत नाही; वाऱ्याच्या घोंगावण्याने मात्र शब्द बुडतात.

कापाकापी करताना बोलणाऱ्याचा 'पण' किंवा 'जर' गळू देऊ नये. 'पाऊस नसेल तर फवारा' यातील पूर्वार्ध गेला की सल्लाच उलटतो. तयार कार्यक्रम बोलणाऱ्यास ऐकवून त्याची संमती घ्यावी, मगच तो पाठवावा. मूळ मुद्रण पुसू नये. चूक उशिरा ध्यानात आली, तर जुना कार्यक्रम काढून टाकावा आणि पुढील कार्यक्रमाच्या आरंभीच, काय चुकले व खरा आकडा कोणता, हे त्याच बोलणाऱ्याच्या आवाजात सांगावे.