धारेला पाणी

आठवडे बाजाराच्या कडेला बाभळीखाली घिसाड्यांचं बिऱ्हाड उतरलं होतं. मला विळी हवी होती, तीही डोळ्यांदेखत घडलेली. घिसाडी दादांनी ट्रकच्या जुन्या पाट्याचा तुकडा पुढे केला. "साध्या लोखंडाला धार टिकत न्हाई. ह्यो पाटा पानी धरतो." पाट्याच्या पोलादात शेकडा अर्ध्याहून थोडा जास्त कार्बन असतो, त्याचीच ही करामत.

चामड्याचा भाता जाऊन हाताने फिरवायचा पंखा आला आहे, पण जमिनीत रोवलेली ऐरण, सांडशी आणि घण तेच आहेत. घण वहिनींच्या हातात. घिसाड्यांत हे काम बहुधा बाईच करते. तापलेल्या तुकड्यावर दादा हातोडीने टिचकी मारत, की घण नेमका तिथेच पडे. हातोडी नुसत्या ऐरणीवर वाजली की घण थांबे. दोघांत एक शब्द नाही.

पात्याला बाक आला, खोवणीसाठी टोक रुंदावलं. मग ते राखेत हळूहळू निवू दिलं, कारण कडक पोलादावर कानस चालत नाही. खोवणीचा एकेक दाता कानशीने कोरला गेला, धारेची बाजू पातळ झाली.

खरी परीक्षा त्यानंतर. पातं पुन्हा तापवलं, तेही बाभळीच्या गर्द सावलीत. उन्हात लोखंडाचा रंग फसवतो. ते पिकल्या चेरीसारखं लाल होताच दादांनी फक्त धारेची कड पाण्यात धरली. चर्र! लगेच बाहेर काढून विटेच्या तुकड्याने कड घासून लखलखीत केली आणि नजर रोखून बसले. पाठीत उरलेली धग धारेकडे सरकू लागली, तसा चकाकीवर रंग चढला. आधी फिका पिवळा, मग गवतासारखा. त्याच क्षणी सगळं पातं पाण्यात. ही धग साधारण 230 अंशांची; आणखी थांबलं तर 300 च्या आसपास निळा रंग येतो आणि धार मऊ पडते. थांबलंच नाही तर ती काचेसारखी तडकते. दादांकडे तापमापक नाही, डोळे आहेत.

दगडावर धार लागली. वहिनींनी खोबऱ्याची वाटी खोवणीवर दोनदा फिरवली आणि पांढराशुभ्र चव माझ्या तळहातावर ठेवला. "खाऊन बगा," म्हणाल्या, "लोखंडाचा वास येतोय का." येत नव्हता.