अग्रलेखातले ‘आम्ही’ कोण?



पारावर पेपर वाचताना बाजारभाव आधी आणि अग्रलेख सर्वांत शेवटी. पण वाद निघाला की “पेपरात छापून आलंय” म्हणून आपण त्याच अग्रलेखाचा आधार घेतो. बातमी घडलेले सांगते. अग्रलेख त्या पत्राचे मत सांगतो. खाली बहुधा कोणाचे नाव नसते, नुसते ‘आम्हांस वाटते’.

हे ‘आम्ही’ म्हणजे संपादक आणि त्यांचे दोन-चार सहकारी. ते एकत्र बसतात, विषय ठरवतात, कोणती बाजू घ्यायची यावर बोलतात. मग एकजण लिहितो आणि संपादक शेवटचा हात फिरवतात. मते मोजून निर्णय क्वचितच होतो. बहुधा संपादकांचा शब्द चालतो, कधी मालकाचाही. अमेरिकेत २०२४ च्या निवडणुकीत ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या संपादक मंडळाने कमला हॅरिस यांना पाठिंब्याचा मजकूर तयार केला होता. मालक जेफ बेझोस यांच्या निर्णयामुळे तो छापलाच गेला नाही.

आपल्याकडेही हे ‘आम्ही’ दुभंगले आहे. १८८१ साली ‘केसरी’ निघाला तेव्हा आगरकर संपादक होते आणि टिळक ‘मराठा’ पाहत. दोघे जिवलग मित्र. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढले. पण समाजसुधारणेवर पटेना. १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. १८९१ साली मुलींचे संमतिवय १० वरून १२ करण्याचा कायदा आला. ‘केसरी’ विरोधात, ‘सुधारक’ बाजूने! ज्याच्या घरी एकच पत्र येत होते, त्याला पुण्याचे मत एकच वाटले असेल.

आता कांद्याचे पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली, मे २०२४ मध्ये उठली. अशा वेळी शहरातल्या लेखणीला मंडईतला भाव आपोआप कळतो, कारण तो घरच्या पिशवीतून येतो. रोपांचा खर्च, लागवडीची मजुरी, चाळीतली सड हे कोणी कळवले तरच कळते. आपण मात्र पत्रात रागच जास्त लिहितो. (माझ्याकडे येणाऱ्या अर्जांचीही तीच गत!)

तेव्हा संपादकांना थोडक्यात लिहा: गाव, क्षेत्र, एकरी खर्च, मिळालेला भाव, विक्रीची तारीख. सरकारी निर्णय जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी पत्र पोचले पाहिजे. आठवड्याने त्यांचे मत ठरून छापून झालेले असते. सोबत आडत्याच्या पट्टीची नक्कल जोडा. मूळ पट्टी घरीच ठेवा.