मिसरूड फुटण्याआधीची बाटली

अठराच्या आतल्या मुलांच्या पिण्याविषयी परतवाडा-अचलपुरात, आणि वऱ्हाडात इतरत्रही, काही समजुती इतक्या सहज बोलल्या जातात की त्या तपासून पाहाव्यात असे कोणाला वाटत नाही. त्या तपासायलाच हव्यात.

“बिअर म्हणजे काही दारू नव्हे.”

लेबलवरचा आकडा लहान दिसतो, म्हणून हे पटते. स्ट्राँग बिअर ८ टक्के, व्हिस्की ४२.८ टक्के. पण बिअर कोणी पेगाने मोजून पीत नाही. ६५० मिलिलिटरच्या स्ट्राँग बिअरमध्ये ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या दोन पेगांइतके. पंचेचाळीस किलोच्या मुलाने “एकच बाटली” घेतली, तेव्हा त्याच्या अंगात एवढे गेलेले असते. महाराष्ट्रात बिअरसाठीही वयाची अट २१ वर्षे आहे. देशी-विदेशी मद्यासाठी २५.

“घरी, आपल्यासमोर थोडी दिली तर पोरगा बाहेर पिणार नाही.”

यामागे आईबापांची काळजी आहे, हे मान्य. पण ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० मुलांवर सहा वर्षे लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासाने (२०१८) हा भरवसा मोडीत काढला. पालकांनी दारू दिल्याने मुलांचे संरक्षण झाल्याचे आढळले नाही; उलट त्यांना ती इतरांकडूनही मिळवणे सोपे गेले. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार, डॉक्टरी सल्ल्याशिवाय मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. घरच्यांना त्यातून सूट नाही. पंगतीत दारू हवीच, ही सबबही वऱ्हाडात चालू नये. वडील दारूपायी गमावलेल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रूढ पंगत मोडून गोडाचे जेवण घातले होते.

“मोहाची नैसर्गिक असते, ती बाधत नाही.”

मेळघाटात मोहाची फुले वाळवून खातात, झाडाला मान आहे; त्यामुळे हा समज मुळीच वेडगळ नाही. मात्र फुलातली साखर आंबली की तयार होते ते तेच अल्कोहोल. शिवाय भट्टीच्या बाटलीवर लेबल नसते. ती किती कडक आणि तिच्यात काय मिसळले, हे पिणाऱ्याला कळत नाही.

“त्याला पचते, तो डुलतही नाही.”

हेच जास्त धोक्याचे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत कोवळ्या वयात दारूने गुंगी कमी येते, स्मृती आणि शिकण्यावर मात्र जास्त परिणाम होतो, असे दिसले आहे. गुंगी येत नाही म्हणून मुलगा आणखी पितो. तोल सावरलेला दिसतो, पण निर्णयशक्ती मंदावलेली असते. आणि पावसाळ्यात, धुक्यात, चिखलदऱ्याच्या घाटाचे वळण तिचीच परीक्षा घेते. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. पंधराच्या आत सुरुवात करणाऱ्यांत पुढे व्यसन जडण्याचे प्रमाण, विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळले आहे.

“बिघडलेली पोरंच पितात.”

संगत डोळ्यांना दिसते, म्हणून दोष तिच्यावर जातो. घरातली उघडी बाटली, आणून देणारा मोठा भाऊ, परीक्षेचा ताण, बापाचे रोजचे पिणे ही कारणे दिसत नाहीत. “बिघडला” असा शिक्का बसलेला मुलगा लपवायला शिकतो आणि मदत लांबते. मार देण्याआधी १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन करा. तो निःशुल्क आहे.