पडद्यावरचं बोलणं मागच्या रांगेपर्यंत



पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गटाच्या बैठकीत आम्ही साप चावल्यावर काय करावं, याची छोटी फिल्म लावली होती. प्रोजेक्टर एका सखीच्या घरचा, आवाजाचा सेट तिच्या मुलाने आणलेला, पडदा म्हणून पांढरी चादर. फिल्म संपल्यावर मागे बसलेल्या एका आजींना विचारलं, काय समजलं? त्या म्हणाल्या, "गाणं तं कानात घुसते माय, पन बोलनं काही समजलं नाही. घट्ट बांधा म्हने का?"

आमच्या पोटात धस्स झालं. फिल्ममध्ये सांगितलं होतं की घट्ट बांधू नका, चिरा देऊ नका, हातपाय हलू न देता लगेच दवाखान्यात न्या. आपल्या भाषेत 'नका' हा शब्द शेवटी येतो, आणि वाक्याच्या शेवटी बोलणाऱ्याचा आवाज उतरतो. तेवढा एक शब्द हरवला की सल्ला उलटा होतो. आजींना आम्ही लगेच सगळं तोंडी समजावलं, आणि मग सेट उघडून बसलो.

चूक आमचीच निघाली. या सेटला 'पाच पॉइंट एक' म्हणतात. म्हणजे पाच स्पीकर, आणि एक मोठा डबा फक्त घुमणाऱ्या जाड आवाजासाठी, त्याला सबवूफर म्हणतात. पाचपैकी दोन पडद्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, दोन बसणाऱ्यांच्या मागच्या अंगाला आणि एक मधला, पडद्यापाशी. पावसाची सर, मागून येणारी गाडी, गर्दीचा गलका असे आवाज मागच्या दोघांतून येतात, म्हणून आपण त्या प्रसंगात बसल्यासारखं वाटतं. यालाच सराउंड साउंड म्हणतात. पण माणसांचं बोलणं बहुतेक सगळं त्या मधल्यातून येतं. आणि आम्ही नेमका तोच लावला नव्हता! आडवा, बुटका दिसला, जास्तीचा असेल म्हणून खोक्यातच ठेवला. सेट मात्र पाचही स्पीकर आहेत असं धरून चालत होता. बोलणं तो खोक्यातल्या स्पीकरकडे पाठवत राहिला, आणि आमच्या वाट्याला आलं संगीत.

म्हणून मांडणी मधल्यापासून सुरू करा. तो पडद्याच्या बरोबर खाली, स्टुलावर ठेवा, तोंड बसलेल्या बायांच्या कानाकडे थोडं वर करून. जत्रेत टुरिंग टॉकीज पाहिलेल्यांना आठवत असेल, कर्णा पडद्यामागे असायचा. मोठ्या टॉकीजमध्ये पडद्याला बारीक बारीक भोकं असतात आणि स्पीकर त्याच्या मागे असतो, तो याचसाठी. तोंड दिसतं तिथूनच बोल आला की तो लवकर कळतो. डावा-उजवा पडद्याच्या दोन्ही कडांशी, कानाच्या उंचीवर. मागचे दोघे बसणाऱ्यांच्या बाजूला, किंचित मागे, बसलेल्या डोक्याच्या हात-दीड हात वर. त्यांचा आवाज हळूच असू द्या. मागच्या स्पीकरखाली कुणी टेकून बसलं तर तिला फक्त तोच ऐकू येईल. आम्ही आता आजींची खुर्ची मधोमध, पुढून दुसऱ्या रांगेत ठेवतो.

वीज चमकते आधी आणि गडगडाट येतो नंतर, हे शेतात आपण रोजच पाहतो. आवाज एका सेकंदात साधारण 340 मीटर जातो. खोलीतही जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो. म्हणून चांगल्या सेटमध्ये प्रत्येक स्पीकर किती फुटांवर आहे ते भरायची सोय असते. टेप घ्या, मधल्या खुर्चीपासून मोजा आणि भरा. पाच मिनिटांचं काम आहे, पण बहुतेक घरांत कुणी करत नाही.

जोडणीकडे येऊ. प्रोजेक्टरला हेडफोनचं गोल भोक असतं, पण त्यातून डावा-उजवा एवढे दोनच आवाज निघतात. पाच वेगळे आवाज हवे असतील तर एचडीएमआय किंवा ऑप्टिकल वायर लागते. घेण्याआधी प्रोजेक्टर आणि सेट दोन्हींना तशी जागा आहे का, दुकानातच पाहून घ्या. ब्लूटूथवर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो, ऐकायला कमी येणाऱ्या बाईला त्याचा फार त्रास होतो. ती ओठ पाहूनच अर्धं समजत असते. स्पीकरची लाल-काळी वायर सगळीकडे सारखी जोडा. एकाची उलटी झाली तर आवाज पोकळ येतो.

आता खोली. टाळी वाजवून पाहा. प्लास्टरच्या कोऱ्या भिंती आणि वर टिनं असतील तर टाळी घुमते, तसेच शब्दही एकमेकांवर चढतात. आपल्या यवतमाळात याचा उपाय घरातच आहे. कापूस भरलेल्या खोलीत बोललं की आवाज कसा दबका, कोरडा येतो ते आठवा. कापूस आवाज पिऊन घेतो. म्हणून मागच्या भिंतीवर जाड गोधड्या टांगा, खाली सतरंजी घाला. आमच्याकडे तीन गोधड्यांनी जो फरक पडला, तो आवाजाचं बटण वाढवून पडला नव्हता. सबवूफरही कोपऱ्यात ढकलू नका, तिथे तो फार घुमतो. माहितीची फिल्म असेल तर आम्ही तो बंदच करतो. मुलं नाराज होतात, होऊ द्या.

गटाच्या पैशातून घ्यायचं असेल तर आमचं मत सरळ आहे. माहितीच्या फिल्मांना पाच स्पीकर लागत नाहीत, पुढचे दोन चांगले असले तरी भागतं. 'अयोध्येचा राजा' हा 1932 चा पहिला मराठी बोलपट, त्या काळच्या सगळ्या चित्रपटांत आवाजाचा एकच पट्टा असायचा. ते दाखवताना मागच्या स्पीकरांना कामच नसतं. नवे सिनेमे पाहायची हौस असेल तर पाच घ्या, हौस असायला काही हरकत नाही. दोनच स्पीकर लावणार असाल तर सेटच्या मेनूत 'स्टिरिओ' निवडा, नाहीतर आमच्यासारखं व्हायचं.

वायर दारातून नेऊ नका, अंधारात पाय अडकतो. तीन पिनांचा, अर्थिंग असलेला बोर्ड घ्या, आणि वीज कडकायला लागली की प्लग काढून ठेवा. उघड्या अंगणात लावणार असाल तर कायद्याने रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकरला मनाई आहे.

बैठकीच्या आधी एक परीक्षा घ्या. एका सखीला शेवटच्या रांगेत, पडद्याकडे पाठ करून बसवा. फिल्मची दोन मिनिटं लावा आणि ऐकलेली वाक्यं तिला जशीच्या तशी म्हणायला सांगा. आम्ही सापाची तीच फिल्म पुन्हा लावली तेव्हा ही परीक्षा आजींनीच दिली. "बांधू नका, कापू नका, दवाखान्यात न्या," त्या म्हणाल्या, आणि पुढे, "आता गानं थोडं वाढवा."