शिक्षेचा हिशेब आणि उपचाराचा

बालपणी मार खाल्लेला मुलगा मोठेपणी मार देणारच, अशी एक रूढ समजूत आहे. कॅथी स्पॅट्झ विडम या अमेरिकन संशोधिकेने १९८९ साली ती न्यायालयीन नोंदींच्या आधारे तपासून पाहिली. छळ वा हेळसांड सोसलेल्यांपैकी २६ टक्के मुलांना अल्पवयातच अटक झाली होती. तशाच परिस्थितीतील इतर मुलांत हे प्रमाण १७ टक्के होते. छळाने धोका वाढतो हे खरे. परंतु चारांतील जवळजवळ तिघे त्या वाटेला गेले नाहीत, हेही तितकेच खरे.

सतत धाकात वाढणारा मेंदू संकटाचीच चाहूल घेत राहतो. भीतीची सूचना देणारा भाग चटकन चेततो, तर मनाला आवर घालणारा कपाळामागील भाग दुबळा पडतो. मात्र हा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. जेथे घडण चालू आहे, तेथे सुधारणेलाही वाव आहे.

विस्कॉन्सिन राज्यातील मेंडोटा केंद्राने १९९५ पासून हाच वाव वापरला. सुधारगृहांनी हात टेकलेली हिंसक मुले तेथे येतात. शिक्षेने बंडखोरी वाढते व बंडखोरीने शिक्षा, हे चक्र तोडणे हे तेथील सूत्र होय. आजच्या वर्तनावर उद्याच्या सवलती ठरतात. कालचा अपराध उगाळला जात नाही. ही मुले चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, हे ध्यानात ठेवूनही निष्कर्ष बोलका आहे: येथे उपचार घेतलेल्यांकडून पुढे हिंसक गुन्हे लक्षणीयरीत्या कमी घडले. २००६ साली मांडलेल्या हिशेबानुसार उपचारावरील प्रत्येक जादा डॉलरमागे सात डॉलरांहून अधिक बचत झाली.

आपल्याकडे २०१५ च्या बालन्याय कायद्याने सोळा वर्षांवरील मुलांना अतिगंभीर गुन्ह्यांत प्रौढांप्रमाणे खटल्यास उभे करण्याची मुभा दिली. त्यापूर्वी मुलाची क्षमता व गुन्ह्यामागील परिस्थिती यांची प्राथमिक तपासणी व्हावी, असेही तोच कायदा सांगतो. ही तपासणी कागदावरचा सोपस्कार ठरली, तर न्याय अर्धाच राहील. बळी पडलेल्यांचे दुःख लहान नाही. परंतु शिक्षा भोगून तो मुलगा एक दिवस समाजातच परतणार आहे. तो कोणत्या मनाने परतावा, याचा निर्णय त्याच्या आधी समाजालाच करावयाचा नाही काय?